उंदीर कुजवणारा माणूस: पाचपैकी साडेचार

ओक्लाहोमात राहून पाण्याच्या पाइपलाइनचं काम करणारी मराठी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतील. तरी लिहितेय, कारण गेल्या गणपतीत टल्सातल्या एका घरी आरती झाल्यावर, प्रसादाची वाटी हातात असतानाच एका मुलाने विचारलं, "ताई, ते भुंगेऱ्याच्या सर्व्हेचं तुम्ही कुणाकडून करून घेतलं होतं?" मी सांगायला सुरुवात केली आणि शेजारच्या दोघींनी शिऱ्याच्या वाट्या खाली ठेवल्या. तेव्हा तिथे अर्धवट राहिलेलं इथे पुरं करते.

आधी ही सेवा लागते कशाला ते. आमची कंपनी लहान. 2018 मध्ये मॅकॅलिस्टरच्या बाजूला, पिट्सबर्ग काउंटीत, सहा मैलांची गावपाणी योजनेची लाइन आमच्याकडे आली. टल्सापासून दीड तास. पैसा केंद्र सरकारच्या कर्जातून येणार होता, आणि केंद्राचा पैसा म्हटला की खोदाईआधी एक प्रश्न ठरलेला: तुमच्या चराच्या वाटेवर अमेरिकन बरीइंग बीटल राहतो का?

मराठीत त्याला नाव नाही. शेणकिडा म्हणतो तसं मी याला मढेकिडा म्हणते. नवरा म्हणतो, जेवताना नको. शास्त्रातलं नाव निक्रोफोरस अमेरिकानस. उत्तर अमेरिकेतल्या मढी खाणाऱ्या भुंगेऱ्यांत हा सगळ्यांत मोठा, मोठा नर-मादी दीड इंचापर्यंत भरतो. एके काळी तो 35 राज्यांत होता. 1989 मध्ये सरकारने त्याला संकटग्रस्त यादीत घातलं तेव्हा माहितीतल्या जागा उरल्या होत्या दोनच: ऱ्होड आयलंड राज्यातलं ब्लॉक आयलंड नावाचं चिमुकलं बेट, आणि आमचा हा पूर्व ओक्लाहोमा. पुढे नेब्रास्का, अर्कान्सा वगैरे ठिकाणीही सापडला. 2020 मध्ये त्याला एक पायरी खाली आणून 'धोक्यात' या वर्गात ठेवलं आणि नियम बरेच सैल झाले, पण केंद्राचा पैसा किंवा परवाना असला की विचारणा अजूनही करावी लागते. तेव्हा ही माहिती शिळी नाही.

चराशी त्याचा संबंध काय? तो दिवसा मातीत असतो. थंडीभर मातीत असतो. पिल्लंही मातीतच वाढवतो. आम्ही जेसीबी घालतो नेमकी त्याच थरात.

पहिल्या वर्षी, हा किडा आहे का ते बघायच्या सर्व्हेचं काम आम्ही सगळ्यांत कमी दर देणाऱ्याला दिलं. नाव घेत नाही. दोन पोरं पिकअप घेऊन आली, सापळे म्हणून बादल्या पुरल्या, आणि सकाळी तपासायला निवांत, ऊन डोक्यावर आल्यावर जायची. मी एकदा बरोबर गेले. बादलीच्या तळाशी कोरडी ठक्क माती, ओला स्पंज ठेवायचा असतो तो ठेवलेलाच नाही, आणि आत सतराशे साठ किडे शिजून मेलेले. ते आमच्या यादीतले नव्हते म्हणून वाचलो. त्यात दोन रात्री थंडी होती. रात्रीचं तापमान 60 फॅरनहाइटच्या खाली गेलं की ती रात्र धरत नाहीत, कारण किडा उडतच नाही. त्यांनी त्या दोन्ही रात्री बिनदिक्कत हिशेबात धरल्या. अहवाल परत आला. हंगाम संपत आला होता, सप्टेंबरनंतर इथे हा किडा जमिनीखाली जातो तो मे उजाडेपर्यंत वर येत नाही. एक अख्खं वर्ष गेलं. त्या वर्षात पाइपचे भाव किती वाढले ते मी लिहिणार नाही, माझा रक्तदाब वाढतो.

2019 ला मग हा गृहस्थ मिळाला. नाव-पत्ता इथे देत नाही, ज्यांना हवा त्यांनी मला विचारावा. साइटवर आम्ही त्याला बादलीवाला म्हणायचो. साठीचा असेल, एकटा काम करतो, हाताशी फक्त उन्हाळ्यात कॉलेजची एक मुलगी. मासे आणि वन्यजीव खात्याचा परवाना त्याच्या नावावर आहे. हे आधी बघून घ्या, कारण परवान्याशिवाय या किड्याला हात लावणं गुन्हा आहे, चांगल्या हेतूने लावला तरी.

दर पहिल्यांपेक्षा बराच जास्त. आमच्या साहेबांनी विचारलं, जास्त कशाचे? तो म्हणाला, "उंदरांचे." आम्हाला वाटलं चेष्टा करतोय.

चेष्टा नव्हती. या धंद्यातलं भांडवल म्हणजे बरोबर कुजलेला उंदीर. साप पाळणाऱ्यांसाठी गोठवलेले पांढरे उंदीर विकत मिळतात, ते तो आणतो. मग घट्ट झाकणाच्या बादलीत घालून उन्हात ठेवतो. किती दिवस, ते हवेवर. ताजा असला तर वास लांब जात नाही, फार झाला तर पातळ होतो आणि नुसत्या माश्या येतात. आपल्याकडे आंबोळीचं पीठ कधी आलं हे आजी झाकण न उघडता सांगायची, तसा हा बादलीजवळ उभा राहून सांगतो, "उद्या."

सापळा साधा. पाच गॅलनची रंगाची असते तसली बादली, काठ जमिनीच्या पातळीला येईल अशी पुरायची. तळाशी ओलसर माती, एक ओला स्पंज, मध्ये डब्यात उंदीर. वर लाकडाची फळी, चार ठोकळ्यांवर उचललेली, म्हणजे पाऊस आत येत नाही पण किडा येतो. फळीवर वजन, आणि त्यालाही तार, कारण रॅकून नावाचा प्राणी वजन बाजूला करतो. एक सापळा चारी बाजूंना अर्धा मैल धरतो असं मानतात, म्हणून आमच्या सहा मैलांना सहा सापळे. पाच रात्री. रोज पहाटे साडेपाचला निघून दहाच्या आत सहाही बघून संपवायचे.

आता खरी गोष्ट. काम सुरू होण्याआधी त्याने आम्हाला त्याच्या शेडवर बोलावलं. आम्हाला म्हणजे मला आणि आमच्या फोरमनला, जो चॉक्टॉ, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या एका जमातीतला आहे आणि त्याच भागातला आहे. शेडमध्ये एक जुनी माशांची काचपेटी, निम्मी मातीने भरलेली. तिच्यात त्याने याच कुळातल्या साध्या, यादीबाहेरच्या जातीची जोडी सोडली होती. ती जात थोडी लहान, आणि मानेमागची ढाल काळी. आपल्या यादीतल्याची ढाल नारिंगी, तीच खूण. संध्याकाळी सातला त्याने पेटीत एक मेलेला उंदीर ठेवला, लहान, घरात सापडतो तेवढा. आणि आम्हाला खुर्च्या दिल्या. म्हणाला, "हे बघितल्याशिवाय मी करारावर सही करत नाही."

मला स्वयंपाक होता. पण बसले.

पहिली दहा मिनिटं काही नाही. मग उंदीर हलला. खरंच हलला, म्हणजे जिवंत होऊन कूस बदलावी तसा. फोरमन खुर्चीतून उठला. किडे दिसतच नव्हते. दोघंही उंदराखाली शिरून उताणे झाले होते, आणि सहा सहा पाय वर करून त्याला पुढे ढकलत होते, हातोहात विटा द्याव्यात तसा. एक जागा कडक लागली ती सोडून बोटभर पुढे नेला. मग थांबले आणि खालची माती बाजूला लोटायला लागले. उंदीर खड्ड्यात ढकलला जात नाही. त्याच्याखालची जमीन निघून जाते आणि तो बसत जातो. आमच्या धंद्यात पाइप खाली घेताना हेच करता आलं असतं तर किती बरं झालं असतं, असं मला वाटून गेलं. साडेनऊला शेपूट तेवढी वर होती. दहाला तीही नाही. वर माती थोडी भुसभुशीत, बस्स.

नंतरचं मी काचेतून, तीनचार वेळा जाऊन पाहिलं. आत त्यांनी उंदराचे सगळे केस काढले, अंग गुंडाळून चेंडू केला, आणि त्यावर तोंडातून आणि मागून निघणारा रस चोपडला. त्याने मांस लवकर सडत नाही. मीठ-हळद लावून ठेवतो तसंच म्हणा. त्यांच्या अंगावर बारीक तांबूस गोचिडीसारखे जीव फिरत होते, मला आधी रोग वाटला. बादलीवाला म्हणाला, ते भाडेकरू आहेत, मढ्यावरची माशीची अंडी खातात, भाडं तेच. मादीने अंडी चेंडूजवळच्या मातीत घातली. चारेक दिवसांनी पांढऱ्या अळ्या चेंडूवर हजर.

आणि मग जे पाहिलं त्यासाठी मी साडेचारमधला एक अख्खा तारा देते. आई आणि बाप, दोघंही, चेंडूच्या वरच्या बाजूला पाडलेल्या भोकाशी उभे, आणि अळ्या माना वर करून त्यांच्या तोंडाशी लागलेल्या. चिमणीची पिल्लं करतात तसं. आईबाप चावलेलं मांस परत काढून भरवतात. या जातीत त्यांनी भरवलं नाही तर पिल्लं जगतच नाहीत. काचेला कान लावला तर कुरकुर असा बारीक आवाज येतो, पंखाखाली पोट घासून काढलेला. किड्यांमध्ये बाप पोरांसाठी थांबतो हे फार क्वचित. हे मी घरी सांगितलं तेव्हा नवऱ्याने पहिल्यांदाच जेवताना ऐकून घेतलं. पोरं जास्त झाली आणि मांस कमी पडणार असलं तर हेच आईबाप त्यातली काही खाऊन टाकतात, हे मी त्याला नंतर, ताक पिऊन झाल्यावर सांगितलं.

आपल्या यादीतला किडा हेच करतो, फक्त त्याला मढं मोठं लागतं, साधारण 80 ते 200 ग्रॅमचं. घरातला उंदीर वीस-पंचवीस ग्रॅमचा, त्याला तो पिल्लांसाठी पुरत नाही. त्याला हवा कबुतराएवढा, लाव्ह्याएवढा जीव. आणि तिथेच सगळी मेख आहे, असं बादलीवाल्याचं म्हणणं.

ते त्याने गाडी चालवताना सांगितलं. या देशात पॅसेंजर पिजन नावाचं रानकबुतर थव्यांनी आभाळ झाकायचं. माणसांनी मारून संपवलं. शेवटची मादी, मार्था, 1914 मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. गवताळ रानातली प्रेअरी चिकन नावाची कोंबडीही कमी झाली. म्हणजे त्या मापाची मढीच पडेनाशी झाली. वर जंगलांचे तुकडे झाले, आणि तुकड्यांच्या कडेने रॅकून, स्कंक वाढले, ते आधी पोचतात. ब्लॉक आयलंडवर रॅकून नाही, कोल्हा नाही, आणि फेझंट नावाच्या पक्ष्याची पिल्लं भरपूर. तिथे किडा टिकला. मला हे पटतं, पण हे सगळं एकाच माळेत ओवून सांगितलं की शंकाही येते. मिरजेजवळ माझ्या आजोळी मेलेलं ढोर माळावर ओढून टाकायचे आणि तासाभरात गिधाडं उतरायची, हे मी लहानपणी पाहिलंय. ती गेली त्याला कारण एक सापडलं, जनावरांना टोचायचं डायक्लोफिनॅक, आणि 2006 मध्ये त्यावर बंदी आली. या किड्याच्या बाबतीत असं एका बाटलीवर बोट ठेवता येत नाही. बादलीवालाही ते कबूल करतो, फक्त कबुतरांवर त्याचा जीव जास्त आहे.

सर्व्हे जूनमध्ये झाला. पहिल्या तीन सकाळी आमच्या किड्याचा पत्ता नाही. पण बादल्या रिकाम्या नव्हत्या; काळ्या ढालीचे, पिवळ्या ढालीचे चपटे, शेणकिडे, एकदा एक बेडूक. प्रत्येक किडा हातमोज्याने उचलून, जात आणि संख्या वहीत लिहून, बादलीपासून लांब सावलीत सोडायचा. कॉलेजची मुलगी लिहायची, तो बोलायचा. एकही मेलेला निघाला नाही. पहिल्या कंपनीच्या पोरांना हे दाखवायला हवं होतं.

मी मनात देवाचा धावा करत होते की काही सापडू नये. शून्य आलं की आमचं काम सुटलं. अहवालातल्या त्या शून्यासाठीच आम्ही पैसे मोजत होतो, आणि हा माणूस ते शून्य येऊ नये म्हणून उंदीर इतक्या निगुतीने कुजवत होता.

चौथ्या सकाळी, पाच नंबरच्या बादलीत, होता.

फळी उचलली तेव्हा तो स्पंजाला चिकटून बसला होता. एवढा मोठा असेल असं वाटलं नव्हतं. बादलीवाल्याने त्याला दोन बोटांत धरलं तर दोन्हीकडून बाहेर दिसत होता. पाठ काळी, चकचकीत, तिच्यावर कातरलेल्या कडांचे चार नारिंगी डाग; ढाल नारिंगी; मिशांची टोकंही नारिंगी, फुगीर. त्या टोकांनी त्याला दोन मैलांवरच्या मढ्याचा वास लागतो असं सरकारी पत्रकात लिहिलंय. कपाळाखाली नारिंगी खूण असते, चौकोनी असली तर नर, त्रिकोणी असली तर मादी. ही मादी होती. तिच्या छातीवरून ते भाडेकरू इकडून तिकडे पळत होते. अंगाला असा वास की मी ओढणी नाकाला लावली. ती बोटांत कुरकुरत होती, तोच आवाज, काचेतून ऐकलेला, पण मोठा.

फोरमनने टोपी काढली. का काढली ते मी विचारलं नाही. मी मात्र साहेबांना फोन करायला गाडीकडे गेले.

खर्चाचं सांगते, कारण सगळ्यांना तेच हवं असतं. सापडला म्हणून काम बुडालं नाही. पाच नंबरच्या सापळ्याखाली येणारा जो मैल, तो आम्ही गवताळ माळावरून काढून काउंटी रस्त्याच्या कडेला नेला. तिथे वर्षभर गवत कापतात, खडी पडलेली असते, अशी जमीन या किड्याच्या राहणीत धरत नाहीत. पाइप थोडा जास्त लागला, दोन कोपरे जास्त लागले. चर्चेला काही आठवडे गेले. दुसरा रस्ता म्हणजे संवर्धन बँकेकडून क्रेडिट विकत घ्यायचं. तुम्ही बिघडवाल तेवढ्या जमिनीच्या बदल्यात तिकडे जमीन राखतात. तेलवाल्या मोठ्या कंपन्या तेव्हा ते करायच्या. आम्हाला ते परवडणारं नव्हतं. वळसा सुचवला तोही बादलीवाल्यानेच, नकाशावर बोट ठेवून, आणि त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत.

आता अर्धा तारा का कापला.

एक, त्याने न विचारता आमच्या साइट ऑफिसच्या फ्रीजरमध्ये गोठलेल्या उंदरांची पिशवी ठेवली, माझ्या मटाराच्या पिशवीशेजारी. दोन्ही पिशव्या सारख्याच, धुरकट प्लॅस्टिकच्या. मटार फेकले. दोन, अहवाल दहा दिवस उशिरा आला, आणि त्याआधीचे माझे चार ईमेल त्याने वाचलेच नव्हते. तीन, शेवटच्या दिवशी त्याची पिकअप बंद पडली म्हणून एक झाकणबंद बादली माझ्या गाडीतून नेली. झाकण घट्ट होतं हे मी शपथेवर सांगते. तरी ऑगस्टपर्यंत गाडीची काच खाली करून फिरावं लागलं. बेकिंग सोडा, कॉफीची पूड, लिंबाच्या फोडी, सगळं करून झालं. या वासाला लिंबू चढत नाही.

ज्यांना सर्व्हे करून घ्यायचाय त्यांनी फेब्रुवारी-मार्चमध्येच त्याला गाठा, मेमध्ये हंगाम सुरू झाला की तो मोकळा नसतो. निकाल पुढच्या हंगामाच्या तोंडापर्यंतच चालतो, तेव्हा सर्व्हे करून ठेवून वर्षभर निविदेची वाट बघत बसू नका. काचपेटी दाखवायला बोलावलं तर जा, मुलांनाही न्या, फक्त जेवून जा. ईमेल करू नका, फोन करा. पण सकाळी दहाच्या आत मुळीच नको. तेव्हा त्याचा हात बादलीत असतो.